पावसाआधीचं तेल

मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर बोटीच्या इंजिनाचं ऑइल बदलणं हे काम तसं नवंच. टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या काळात तो प्रश्नच नव्हता. लिटरभर पेट्रोलला 20 मिली तेल हा हिशोब बोटवाल्यांच्या डोक्यात पक्का असायचा. ते तेल पेट्रोलबरोबर जळायचं आणि निळा धूर होऊन मागे निघून जायचं. फोर-स्ट्रोक आलं, धूर गेला, पेट्रोल वाचू लागलं. तेल मात्र इंजिनाच्या पोटातच मुक्कामाला राहिलं. ते कधी काढायचं, यावर किनाऱ्यावर अजून एकमत नाही.

कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवणारा इथला एक बोटवाला हे काम स्वतःच करतो, आणि करतो ते मे महिन्याच्या अखेरीस. शेजाऱ्यांशी त्याचं इथेच बिनसतं. त्यांची रीत अशी: पावसाच्या तोंडावर बोट वर ओढायची, इंजिन उतरवून पडवीत ठेवायचं, वर प्लास्टिक टाकायचं. तेल बदलायचं ते नारळी पौर्णिमेच्या सुमारास, बोट पुन्हा पाण्यात घालताना. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, पर्यटकांच्या फेऱ्याही बंद. मग नुसत्या पडून राहणाऱ्या इंजिनात नवं तेल कशाला घालायचं? ऐकायला बिनतोड वाटतं.

पण रसायनशास्त्र त्या एकट्याच्या बाजूचं आहे. इंधन जळताना पाण्याची वाफ होते, थोडी आम्लंही तयार होतात. त्यातलं काही पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलात उतरतं. आम्लं मारणारे पदार्थ कंपनीने तेलात मिसळलेले असतात, मात्र वापराबरोबर ते संपत जातात. इंजिन रोज तासन्‌तास चालत असेल तर तापलेल्या तेलातलं पाणी उडून जातं. बंद इंजिनातलं पाणी जागच्या जागी राहतं. त्यात कोकणातला जून-जुलै म्हणजे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटायचे दिवस. वापरलेलं तेल तसंच ठेवलं, तर बेअरिंगांचे गुळगुळीत पृष्ठभाग पावसाळाभर त्या आंबट ओलीत राहतात. ऑगस्टमध्ये ओतलेलं तेल कितीही चांगलं असो, तोवर जे खायचं ते खाऊन झालेलं असतं.

इंजिन आधी गरम करावं लागतं, कारण थंड तेल जाड असतं आणि गाळ तळाशीच सोडून बाहेर येतं. पण आउटबोर्ड कोरड्यावर चालवायचं नसतं. पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चाक पाण्यावाचून थोड्याच वेळात करपतं. म्हणून निळं पिंप, त्यात विहिरीचं गोडं पाणी आणि त्या पाण्यात इंजिनाचा पाय, गिअर न्यूट्रलला. तेल पातळ होता होता आतल्या वाटांमधलं खारही धुऊन निघतं. मागून पाण्याची बारीक धार नीट पडतेय ना, हेही तो इथेच बघून घेतो.

मग ड्रेन बोल्ट काढायचा. फिल्टर आडवा बसवलेला असेल तर सोडवण्याआधी त्याला प्लास्टिकची पिशवी चढवायची. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगवर तेलाचं बोट फिरवून तो हातानेच आवळायचा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वर्षी शिव्या खातो. बोल्टखालचं वॉशर नवं. एवढं झालं की काम संपत आलं, पण खरी मजा डब्यात उतरलेलं तेल बघण्यात असते.

“मामा, तेल काळां पडलां.”

“काळां तर पडतलांच. पांढरां नाय मा?”

बोटवाल्या मामाच्या या उत्तरात निम्मं शास्त्र आलं. काळं म्हणजे काजळी धरून ठेवलेलं, म्हणजेच आपलं काम केलेलं तेल. दुधी म्हणजे आत पाणी. आणि तेल न घालताही डिपस्टिकवरची पातळी वाढली असेल, बोटाला पेट्रोलचा वास येत असेल, तर न जळलेलं पेट्रोल खाली उतरतंय. डॉल्फिन दिसेपर्यंत मंद गतीवर रेंगाळणाऱ्या बोटींमध्ये हे होतं. इंजिन पुरेसं तापतच नाही.

दुधी रंग बहुतेकदा दिसतो तो मात्र खालच्या गिअरबॉक्समध्ये. तिथलं तेल वेगळं, आणि भरायची तऱ्हा नवशिक्याला उलटी वाटावी अशी: खालच्या भोकातून दाबत जायचं, वरच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा आत अडकते. स्क्रू लावताना आधी वरचा, मग खालचा. उलट केलं की भरलेलं तेल पायावर. इथे पाणी शिरण्यामागे अनेकदा तंगूस असतो. तुटक्या जाळ्याचा हा नायलॉनचा धागा पंख्यात सापडतो, शाफ्टभोवती गुंडाळत आत सरकतो आणि शेवटी सील कापतो. त्यामुळे तेल बदलताना पंखा उतरवून मागे पाहायचंच. बाहेरून काही दिसत नाही.

मोटारसायकलचं तेल चालतं का, हा प्रश्न दर हंगामात कोणीतरी विचारतोच. बाइकचं तेल तेलात बुडालेला क्लच घसरू नये याचा विचार करून बनवतात. बोटीत तसा क्लचच नसतो. सागरी फोर-स्ट्रोक तेलाच्या डब्यावर एफसी-डब्ल्यू लिहिलेलं असतं आणि त्या मानकात गंज रोखण्याची चाचणी धरलेली आहे. ते महाग पडतं, हे खरं. पण छोट्या आउटबोर्डला तेल लागतं किती? लिटरच्या आसपास. एवढ्यासाठी कंजूषपणा करण्यात अर्थ दिसत नाही.

उरतं ते काढलेलं तेल. मोठ्या जहाजांना समुद्रात सोडायच्या पाण्यात तेलाचं प्रमाण दशलक्ष भागांत 15 पेक्षा जास्त चालत नाही. छोट्या बोटीतून पाण्याबरोबर उपसून टाकलेलं तेल मोजायला मात्र कोणी येत नाही. 2016 च्या नियमांनी वापरलेल्या तेलाला घातक कचरा ठरवलं आहे. तरी किनाऱ्यावर ते कुंपणाच्या खांबांना फासलं जातं आणि पहिल्याच पावसात ओहोळाला लागतं. हा बोटवाला फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवतो आणि सगळं तेल कॅनमध्ये भरून बाजारातल्या गॅरेजात नेतो. तिथल्या पिंपातलं तेल पुन्हा शुद्ध करायला जातं. गॅरेजवाला त्याचे पैसे देत नाही, मागतही नाही. रिकामा कॅन मात्र पुढच्या वर्षासाठी परत आणावा लागतो.