कुठे कापू, विचारतेस?

पालघर, गुरुवार

चि. बायो,


बोईसरवरचा तुझा लेख रात्री वाचला. तू एवढंच विचारलंयस की दोनशे शब्द जास्त झालेत, कुठे कापू? मामी म्हणाली, फोनवर दोन मिनिटांत सांगून टाका. फोनवर मी ओरडलो असतो, आणि ओरडणाऱ्याला 'हो हो' म्हणत गप्प करायची कला तू थेट आजोबांकडून उचलली आहेस. म्हणून हा कागद.

'एमआयडीसी येण्याआधी बोईसरबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.' पहिल्याच परिच्छेदात हे तू लिहिलंस? रोज शेजारच्या सालवडवरून जाणारी तू? 'चले जाव'च्या वेळी, १४ ऑगस्ट १९४२ला पालघरला झालेल्या गोळीबारात जे पाच जण गेले, त्यातले सुकुर गोविंद मोरे सालवडचे. बाकीचे नांदगाव, मुरबे, सातपाटी आणि पालघरचे. लहानपणी ताई तुला दर १४ ऑगस्टला इथे पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापाशी आणायची. बाजार बंद म्हणून भेळ मिळत नाही, यावर तू काय तमाशा करायचीस ते लिहीत नाही, आता मोठी झालीस.

दुसरा राग शेवटच्या परिच्छेदाचा. आधी धुराडी, मग नवापूरच्या समुद्रात जाणारं सांडपाणी, मग शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, हे सगळं नीट उतरलंय. आणि मग 'मात्र याच मातीत वारली संस्कृती नांदते' म्हणून तारपा नाचाचं एक वाक्य, जेवणानंतर बडीशेप ठेवल्यासारखं! वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची २०११ची पद्मश्रीही आहे त्यात. पण भिंतीवर लग्नाचा चौक काढणं हे मुळात सवाशिणींचं काम, त्यात गंजाडचा हा एक पुरुष रोज चित्रं काढायला लागला, हे केवढं नवल होतं, ते कुठे आहे? सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन वारली पाड्यांवर पोचले, ते? चौकासाठी तांदूळ कोण वाटतं, किती वेळ लागतो, लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या हातावर काय ठेवतात? विचारलं नसशील. पद्मश्री फोनवर सापडते, हे सापडत नाही.

माझं खूळ तुला ठाऊक आहे. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याचं काम किती वाजता सुरू होतं, कधी सुटतं आणि हातात काय पडतं, एवढं वहीत आल्याशिवाय लिहायला बसायचं नाही. हस, पण ऐक. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' दहावीनंतर तुला दिलं होतं, परत मागितलं नाही. त्यात ज्याची हकीकत आहे, तो १९४५चा वारल्यांचा लढा वेठबिगारीविरुद्ध होता, हे भाषणात सगळेच म्हणतात. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये. पिढ्यान् पिढ्या फुकट राबवलेली माणसं सावकारासमोर उभी राहून वजन आणि दर सांगतात! मला त्या आकड्यात अख्खा लढा दिसतो. आणि ते पुस्तक आलं १९७०मध्ये, तब्बल पंचवीस वर्षांनी. तुला मात्र रविवारच्या पुरवणीची घाई.

तारापूरच्या अणुकेंद्राचं '१९६९, देशातलं पहिलं' हेही आलंय, येणारच. पण तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणची नावं नाहीत. किती घरं उठली, तो आकडा सरकारी कागदात मिळेल. तू तिथल्या एखाद्या खलाशाला विचार, आता पहाटे बोटीवर पोचायला किती वेळ लागतो, आणि जायचं सोडलं असेल तर कधी. १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा झाला आणि आमच्या बातमीदारीच्या धंद्यात प्रेसनोटींचा पूर आला. वरची दोन वाक्यं खाली केली की बातमी तयार. तसं करणाऱ्या वार्ताहर पोरांवर माझा राग नाही, कॉलम सेंटीमीटरवर पोट भरायचं म्हणजे हेच होणार. तू त्यात पडू नकोस एवढंच.

आणि डायमेकर? दादांच्या नातीच्या लेखात डायमेकर नाहीत! चिंचणी-तारापूरकडे घरात बसून पोलादी ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरणारी माणसं, ज्यांच्या डायवर दागिन्यांना रूप येतं, त्यांना तुझ्या 'संस्कृती'त जागा नाही, कारण ते फेर धरून नाचत नाहीत. दादांची बैठक आठव. खिडकी डाव्या हाताला, भिंग डोळ्याला, आणि जवळून कुणी धावत गेलं की शिवी. ती छिन्नी तुझ्याकडेच आहे ना? ताईला सापडत नाहीये.

बरं, आता मुद्द्याचं. या लेखाचे पैसे किती, विचारलंस का? ताई सांगते, तू म्हणालीस, आधी छापून तर येऊ दे. गवत कापणाऱ्याने विचारलं, तुला लाज वाटते? लॅबमधली नोकरी सोडलीस, त्याबद्दल मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. पण त्याबरोबर पीएफ गेला, ईएसआयचं कार्ड गेलं, हे कुणी तुझ्याजवळ बसून मोजलंय का? मला एका दैनिकाने दिवाळी अंकाचं मानधन होळी उलटल्यावर दिलं, आणि तेव्हा घरात मामीचा पगार येत होता. तुझ्या घरात कोणाचा येतो?

खोकला अजून आहे म्हणे. रात्री कारखान्यांचा वास सुटला की खिडकी लावून घे. डॉक्टरकडे जाशील तेव्हा इतकी वर्षं लॅबमध्ये काय हाताळत होतीस तेही सांग, नुसतं 'थंडीने झालंय' म्हणू नकोस. आणि चर्चगेटला संपादकांना भेटायला गेलीस तर उजेडी परत ये. डहाणूपर्यंत लोकल २०१३मध्ये आली खरी, पण विरारच्या पुढे रात्री डबा किती रिकामा होतो ते मी पाहिलंय.

विचारलंस त्याचं उत्तर: पहिला परिच्छेद काढ, शेवटचा काढ. दोनशे सहज निघतील. त्या जागी डायमेकर घातलेस की पुन्हा वाढतील, तेव्हा परत विचार.

ताईकडे सुके बोंबील पाठवलेत, तुझा वाटा वेगळा बांधलाय. डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळव, लेखाचं नंतर.

तुझा,
मामा

ता. क. संपादकांना मानधनाचं आजच लिही. रक्कम आणि तारीख, दोन्ही लेखी माग. नुसत्या रकमेवर गप्प बसू नकोस.