कपाटातला मूग

वर्गात वाढ मोजायची तर मुगासारखं दुसरं बी नाही. हरभऱ्याच्या डाळी मातीतच राहतात. मूग मात्र आपल्या दोन्ही डाळी घेऊन वर येतो, त्यामुळे रोप काय खाऊन वाढतंय ते मुलांना दिसतं. सहावीच्या मुलांनी धुतलेल्या वाळूचे तीन डबे भरले, प्रत्येकात वीस दाणे पेरले. एक डबा खिडकीत, दोन बंद कपाटात. पाणी सगळ्यांना सारखंच, औषधाच्या टोपणाने मोजून.

खरी मजा मोजण्यात होती. पट्टीचा शून्य कडेवर नसतो, थोडा आत असतो. पट्टी वाळूवर टेकवली की तेवढी उंची हरवते, हे एका मुलीने शोधून काढलं. कोवळ्या मुगाची मान वाकलेली असते, म्हणून पट्टी नेमकी कुठवर लावायची यावर वाद झाला. शेवटी देठाच्या वळणावरून दोरा फिरवायचा आणि तो पट्टीवर मोजायचा, असं ठरलं. वादातून ठरलेली पद्धत मुलं कधी मोडत नाहीत.

आलेख काढला तेव्हा कपाटातली रेघ सरसर वर गेली होती. खिडकीतली रोपं ठेंगणी, हिरवीगार. कपाटातली लांबलचक, पांढुरक्या देठांची, पिवळट पानांची. “बाई, घटातलं धान असंच असतं,” मागच्या बाकावरून आवाज आला. खरंच होतं. घट देवघरात, उजेडापासून दूर असतो. म्हणून दसऱ्याला टोपीत खोवतो ते धान उंच आणि पिवळं असतं. अंधारातलं रोप उजेड शोधत नुसतं ताणलं जातं.

मग वाढ कोणाची जास्त? उंचीचे आकडे खरे होते, पण मला ते पुरेसे वाटेनात. पेरण्याआधीच आम्ही वीस-वीस दाणे गावातल्या सराफाच्या काट्यावर तोलून आणले होते; वीस मूग एक ग्रॅमही भरत नाहीत. खिडकीतली आणि कपाटातल्या एका डब्यातली रोपं मुळांसकट धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि पुन्हा त्याच काट्यावर ठेवली. कपाटातली उंच रोपं मूळ दाण्यांपेक्षा हलकी भरली. खिडकीतली किंचित जड.

“मग उरलेलं गेलं कुठे?” श्वासात, मी म्हटलं. अंकुर डाळीतला साठा वापरून जगतो, त्यातला कार्बन वायू होऊन हवेत जातो. उजेड मिळालेलं रोप हवेतूनच तो परत घेतं.

कपाटातला दुसरा डबा मुलांनी लगेच खिडकीत आणला. दुसऱ्या दिवशी पिवळ्या पानांवर हिरवी झाक दिसू लागली. उंची फारशी वाढेना, तेव्हा मुलांनी वहीत ‘उंची’शेजारी आपण होऊन ‘रंग’ असा नवा रकाना आखला.