वीस गुंठ्यांची पाणथळ

एखाद्या कंपनीच्या आवारातून ओढा जात असेल तर बांधकाम परवानगीच्या फायलीत त्याचे काय होते, ते नीट पाहायला हवे. सखल जमिनीतून वाहणारा, ठळक काठ नसलेला लहान प्रवाह मालकाला आपल्याच जमिनीत वळवता येतो, बांधून काढता येतो. तशी मुभा विकास नियंत्रण नियमावलीतच आहे. काटछेद प्राधिकरण ठरवते, आणि मुख्य अट अशी की पाणी आवारात शिरते ती जागा आणि बाहेर पडते ती जागा बदलू नये. नकाशावर हे दोन बिंदू जागेवर दिसले की बहुतेकांचे समाधान होते. पर्जन्यजलवाहिन्यांचे आराखडे करणारा अभियंता म्हणून माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्या दोन बिंदूंच्या दरम्यान ओढा पसरत होता, रेंगाळत होता, मुरत होता. त्याच्या वळणांची सरळ गटारवाहिनी झाली की वाट आखूड होते, उतार वाढतो आणि पाणी लवकर पुढे जाते. ओढा कागदावर शाबूत राहतो, त्याची साठवण मात्र नाहीशी होते. म्हणून परवानगी देताना रेषेइतकाच त्या साठवणीचाही हिशेब मागितला पाहिजे.

हा हिशेब अवघड नाही. दहा हेक्टरच्या आवारावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० घनमीटर पाणी पडते. माळरान असताना त्यातले तीसेक टक्के वाहून जाते असे धरले तर १,५०० घनमीटर. छपरे, डांबर आणि फरशी झाल्यावर नव्वद टक्के, म्हणजे ४,५००. भर पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीवरूनही जास्त पाणी वाहते, तेव्हा हा फरक कमी होतो, पण संपत नाही. वाढलेले ३,००० घनमीटर पाणी दीड मीटर खोलीत थोपवायला सुमारे वीस गुंठे जागा पुरते. आवाराच्या दोन टक्के. आणि अशा जमिनीवर वीस गुंठ्यांचा चिबड, लव्हाळ्याचा कोपरा बहुधा आधीपासून असतोच. भराव टाकताना पहिला डंपर तिथेच रिकामा होतो.

या कोपऱ्याला पाणथळविषयक कायद्याचा आधार फारसा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्यास सांगितले, त्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातल्या २.२५ हेक्टरांहून मोठ्या पाणथळी आहेत. आपले वीस गुंठे त्या गणतीत येत नाहीत. पण जुना कायदा अधिक उपयोगाचा आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमातील एका उदाहरणानुसार वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक उताराने खाली येत असेल, आणि ठरावीक पात्रातून वाहत नसेल, तर ते येऊ देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. महसुली दप्तरातही खुणा आहेत. गाव नकाशावर ओढा असतो. इतरांच्या वापरातला ओढा पोटखराब्याच्या ‘ब’ वर्गात धरला जातो. बिनशेती आणि लेआउट होताना या खुणा पुढच्या कागदावर उतरल्या नाहीत, तर पुढच्या खरेदीदाराला त्या कळणार कशा? सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आहेच. निचऱ्याचा पट्टा आणि साठवणीची जागा तिथे, किंवा मिळकतपत्रिकेवर, बोजासारखी नोंदवावी.

उद्योजक म्हणतात, आम्ही जमिनीचे पूर्ण पैसे मोजले आहेत. ही तक्रार रास्त आहे, आणि तिचे उत्तर चटईक्षेत्रात आहे: पट्ट्यावर बांधू नये, पण त्याचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या हिशेबात धरू द्यावे. मोकळ्या जागेच्या दहा टक्क्यांत तो बसवता आला तर जमीन वाया जाण्याचा प्रश्नही फारसा उरत नाही. दुसरा आक्षेप असा की मोठी बंदिस्त वाहिनी टाकली की काम भागते. आपल्या आवारापुरते भागते. खालच्या वस्तीच्या वाट्याला तेच पाणी कमी वेळात, एकदम येते. कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री काठच्या वस्त्यांत शिरून माणसांचे जीव घेतले. पाऊस विलक्षण होता हे मान्य; पण पात्र आवळलेले असताना विलक्षण पावसाला जागाच उरत नाही. जाचक अटींमुळे गुंतवणूक दुसरीकडे जाईल, हा तिसरा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो. जून २०२५ मध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कातले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा अडकून पडली ती त्याच उद्योगांची माणसे.

हिंजवडीत एमआयडीसी, पीएमआरडीए आणि ग्रामपंचायती यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत, ओढे मात्र त्या ओलांडून जातात. एकाने वळवलेले पाणी दुसऱ्याच्या हद्दीत साचते आणि जबाबदारी कोणाची यावर पत्रव्यवहार चालतो. म्हणून संपूर्ण पाणलोटाचा एकच नकाशा या सर्वांवर बंधनकारक असावा, आणि ओढा वळवण्याचा प्रत्येक अर्ज वरच्या व खालच्या मालकांना नोटीस देऊन, त्यांचे म्हणणे ऐकूनच निकाली काढावा. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी साठवणीची प्रत्यक्ष मोजणी व्हावी, आणि पुढे दरवर्षी मे महिन्यात गाळ काढल्याची तपासणी व्हावी. जिथे ओढे आधीच स्लॅबखाली गेले आहेत, तिथे इमारतीची वाढीव परवानगी मागायला मालक येतो तेव्हा पट्टा मोकळा करून घेण्याची संधी असते; ती अट आजच नियमावलीत घालायला हवी.