सौभद्रातील साकी-दिंडी

संगीत सौभद्र नव्याने रंगभूमीवर आणावयाचे म्हटले की काटछाटीचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. कारण अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली पुण्यात ज्या प्रेक्षकांपुढे त्याचे पहिले तीन अंक सादर केले, त्यांना रात्र जागविण्याची सवड होती, आणि आमच्या अहिल्यानगरच्या रसिकाला तीन तासांत घर गाठावयाचे असते. अशा वेळी कात्री चालते ती बहुधा साकी, दिंडी, कामदा यांवर, आणि नामांकित पदे मात्र आलाप-तानांसह शाबूत राहतात. ही तजवीज मला सर्वस्वी अमान्य आहे.

सुभद्रा दुर्योधनास द्यावी हा बलरामाचा हट्ट, अर्जुनाने घेतलेला यतिवेष, आणि सर्व कारस्थान आपणच रचून अजाणपणाचा आव आणणारा कृष्ण, ही गुंतागुंत प्रेक्षकाच्या मनात उतरते ती या लहान वृत्तांच्या आधाराने. साकीच्या २८ मात्रा सोळा व बारा अशा विभागतात, दिंडीच्या १९ मात्रांत नवव्या मात्रेनंतर विसावा येतो; त्या विसाव्यावर नटाने समोरच्या पात्राकडे पाहिले की गाणे हे संभाषणच होऊन जाते. तालमीत मी ऑर्गनवाल्यास केवळ षड्ज धरावयास सांगतो आणि तबला तहकूब ठेवतो. शब्द स्वरावर कसा ठेवावा, हे शिकविण्याच्या कामी मैफलीच्या गवयापेक्षा आख्यान लावणारा कीर्तनकार अधिक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. ज्या जिल्ह्यातील संगमनेरास शाहीर व कीर्तनकार अनंत फंदी जन्मला, तेथे अशा कानाची वाण पडू नये.

पाश्चात्त्य ऑपेरातही हीच युक्ती दिसते. संगीतकार हॅन्डेलने १७२४ साली लंडनमध्ये सीझर आणि क्लिओपात्रा यांची प्राचीन कथा ऑपेरात गुंफली, तेव्हा त्यानेही मोठ्या गीतांच्या दरम्यान हार्प्सिकॉर्डच्या मोजक्या साथीवर चालणारे गेय संभाषण ठेवले होते. ते गाळले तर मिसरच्या राजवाड्यातील कपट प्रेक्षकास उमगणार नाही आणि मागे उरेल ती केवळ गीतांची मैफल. आपल्याकडे सौभद्राची अशीच मैफल होऊ लागली आहे, याचे मला मनस्वी दुःख होते.

म्हणून नाट्यसंगीतावर प्रेम करणाऱ्या हौशी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे : वेळ वाचवावयाचा असेल तर ताना आवराव्यात, वन्स मोर नम्रपणे नाकारावेत, पडदे बदलण्याचा खोळंबा टाळावा, परंतु किर्लोस्करांच्या साकी-दिंडीस हात लावू नये.