उन्हाळी नव्हे

पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उन्हाळी लागली असेल गं, धने-जिऱ्याचं पाणी पी." प्यायले. मग सब्जा, मग वाळ्याचं पाणी. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं; चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. वर्षभरात असे पाच कोर्स झाले. कल्चरचा रिपोर्ट मात्र दर वेळी स्वच्छ. जंतूच नाहीत तर औषध मारतंय कुणाला, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

उन्हाळीत लघवी करताना आग होते. माझं उलट होतं. मूत्राशय भरत जाईल तशी ओटीपोटात कळ वाढायची आणि जाऊन आलं की जरा उसंत मिळायची. डोंबिवलीहून सीएसएमटीची लोकल म्हणजे तासाभराचा प्रवास, डब्यात संडास नाही. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, असं ठरवलं. त्यानं लघवी गडद होऊन कळ आणखी वाढली. ऑफिसात "परत चाललीस?" हे ठरलेलं.

शेवटी एका यूरॉलॉजिस्ट बाईंनी आधी वही लिहायला सांगितली. तीन दिवस, मापाच्या प्लास्टिक मगात, दर वेळी.

६.१० : ९० मिली.
६.५५ : ७० मिली. चहा.

दिवसात बावीस वेळा, त्यातल्या पाच रात्री. एरवी निरोगी मूत्राशयात चारशे मिलीच्या आसपास सहज मावतं. सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी झाली. खडा नाही, गाठ नाही. बाकी सगळं वगळल्यावर उरलं ते नाव : इंटरस्टिशियल सिस्टायटिस. १९१५ साली बॉल्टिमोरच्या डॉ. गाय हनर यांनी अशा बायकांच्या मूत्राशयातले व्रण नोंदवले होते. पुष्कळ जणींना व्रण नसतातच. मलाही नव्हते.

चोर वहीनंच पकडले : चहा, टोमॅटोचं सार आणि, हद्द म्हणजे, कळ शमावी म्हणून घेतलेलं लिंबूसरबत. डॉक्टरांनी दिलेली रात्रीची लहानशी गोळी मूळची नैराश्यावरची, म्हणून घरात कुजबुज झाली. ती नसांची कळही कमी करते. फिजिओथेरपिस्टनं कायम आवळून धरलेले स्नायू सैल सोडायला शिकवलं. मी मोबाइलवर बघून ते आणखी आवळायचे व्यायाम करत होते!

दुखणं गेलेलं नाही. रात्री दोनदा उठते.

कल्चर दोनदा स्वच्छ आलं आणि तरी दुखतंय, तर तिसऱ्या कोर्सआधी तीन दिवसांची वही लिहा आणि ती घेऊन यूरॉलॉजिस्टकडे जा. लघवीत रक्त दिसलं किंवा ताप आला, तर वहीसाठीही थांबू नका.