'जमीन गेली' : एका प्रयोगाची गोष्ट

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या वाट्याला काही चुका वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात. केळव्याहून रोज गाडीने कॉलेजात जाऊन आम्ही जी चूक सर्वाधिक वेळा लाल शाईने दुरुस्त केली, ती अशी : 'द चाइल्ड वॉज लुक्ड बाय हिज ग्रँडमदर.' मुलाला आजीने सांभाळले, एवढेच विद्यार्थ्याला म्हणायचे असते. 'लुक आफ्टर' हा प्रयोग त्याला पाठ असतो. वाक्य कर्तरी असेतोवर सारे सुरळीत चालते. प्रयोग बदलला, की 'आफ्टर' नाहीसे होते.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही याला निष्काळजीपणा समजलो. पुढे लक्षात आले, की चुकीचे मूळ विद्यार्थ्याच्या मराठीत आहे. 'कडे', 'वर', 'खाली' ही आपली शब्दयोगी अव्यये नामाला चिकटून राहतात. 'घराकडे लक्ष दिले' यातले 'घर' वाक्यात कोठेही न्या, 'कडे' त्याच्यासोबत जाते. इंग्रजीत नाम पुढे जाऊन वाक्याचा उद्देश्य होते आणि 'आफ्टर' मागे क्रियापदापाशी थांबते. ज्याच्यासाठी ते आले, ते नाम आता त्याच्यापुढे नसते. मराठी कानाला असा एकटा राहिलेला शब्द निरर्थक वाटतो, आणि विद्यार्थी तो गाळून टाकतो.

म्हणून आम्ही वर्गात सांगू लागलो : ही दोन-तीन शब्दांची क्रियापदे एकच शब्द माना आणि प्रयोग बदलताना त्यांतले काहीही सांडू देऊ नका. सामना 'वॉज पुट ऑफ', जुनी भिंत 'वॉज पुल्ड डाउन', एखादी रूढी 'वॉज डन अवे विथ'. शेवटी दोन अव्यये उघडी पडली तरी बिचकू नका. मात्र ज्याला कर्मच नाही, त्याचा असा प्रयोग नाही. बस 'ब्रोक डाउन' होते, तिथे विषय संपला. आणि कर्मासारखे काही दिसले म्हणजे झालेच, असेही नाही. एखादा निष्कर्ष 'वॉज अराइव्हड ॲट' चालतो. 'केळवे रोड स्टेशन वॉज अराइव्हड ॲट' असे मात्र कोणी म्हणत नाही. आपण पोहोचल्याने स्टेशनाचे काही बनत-बिघडत नाही. निष्कर्ष आपण गाठल्याखेरीज अस्तित्वातच येत नाही. ज्याच्यावर क्रियेचा खरा परिणाम होतो, त्यालाच ही जागा सहसा मिळते.

इथवर सारे व्याकरण झाले. पण या प्रयोगाने आम्हाला आमच्याच घराकडे पुन्हा पाहायला लावले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एकदा एका चर्चासत्रासाठी आम्हाला स्वतःचा इंग्रजी परिचय लिहावा लागला. लिहिले, 'आय वॉज ब्रॉट अप बाय माय ग्रँडमदर इन केळवे.' तोच मजकूर गावच्या एका स्मरणिकेसाठी मराठीत उतरवला : 'आम्ही केळव्यात लहानाचे मोठे झालो.' वाचताना जाणवले, की मधल्यामध्ये आजी गळाली. पहाटे पानवेलीला पाणी घालणारी, पाने खुडून विड्याच्या चवडी बांधणारी आणि त्या पैशांतून आमच्या पाट्या-पुस्तकांची सोय करणारी आजी. इंग्रजी वाक्यातून 'बाय माय ग्रँडमदर' काढून टाकले, तरी कोणीतरी वाढवले, एवढे 'ब्रॉट अप' कबूल करतेच. मराठी वाक्यात आम्ही वाडीतल्या माडासारखे आपोआप मोठे झालो होतो.

मराठीला कर्ता सांगता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. उलट 'आजीने पाने खुडली' हा आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग. क्रियापद पानांप्रमाणे चालते, आणि तरी आजी वाक्याच्या अग्रभागी बसलेली. इंग्रजीच्या दृष्टीने हे वाक्य सरळ 'ॲक्टिव्ह' आहे. 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे कर्मणी प्रयोग, हे शाळेतले समीकरण इथे कोलमडते. इंग्रजीच्या धर्तीची 'पकडला गेला', 'मारला गेला' ही वाक्ये शालेय व्याकरणात वेगळी काढून त्यांना 'नवीन कर्मणी' म्हटले जाते, ते उगाच नव्हे.

पुढे एका निबंधात एका विद्यार्थिनीने लिहिले, 'अवर लँड वेन्ट.' आम्ही सवयीने खाली लाल रेघ ओढली आणि वर लिहिले, 'वॉज टेकन ओव्हर.' ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, पुढे 'बाय' घालून कोणी ते लिहायचं का?" व्याकरणाच्या नियमाप्रमाणे ते ऐच्छिक आहे, असे आम्ही सांगितले. ती वही मिटून गेली.

त्या संध्याकाळी वडिलांची जुनी फाइल काढली. आमच्या वाडीचा एक पट्टा फार पूर्वी एका सार्वजनिक कामासाठी घेतला गेला होता. वडील त्याविषयी आयुष्यभर दोनच शब्द बोलले : 'जमीन गेली.' पाऊस जावा, वीज जावी, तशी. आम्हीही पुढे तेच म्हणत आलो. फाइलमधल्या मराठी कागदावर होते, 'संपादित करण्यात आली आहे.' इंग्रजी प्रतीत होते, 'टेकन ओव्हर.' तीनही वाक्यांत कर्ता नाही. पण तिन्ही सारखी नाहीत. 'अमुक कार्यालयाकडून संपादित करण्यात आली' असे म्हणता येते. 'टेकन ओव्हर'पुढे 'बाय' येऊ शकते. 'जमीन अमुक कार्यालयाकडून गेली' असे मात्र मराठीत होत नाही. फार तर 'त्यांच्यामुळे गेली' म्हणता येईल. त्याने कारण कळते, घेणारा हात दिसत नाही. कागदांनी कर्त्याचे नाव झाकले होते, जागा रिकामी का होईना ठेवली होती. वडिलांच्या वाक्यात ती जागाच नव्हती.

कर्ता लपवणाऱ्या भाषेची चर्चा निघाली, की आपण 'करण्यात येत आहे'वर तुटून पडतो आणि ती इंग्रजीची देणगी म्हणून मोकळे होतो. जॉर्ज ऑर्वेलने १९४६च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजीतल्या 'पॅसिव्ह'वरच ठपका ठेवला होता, त्याचाही दाखला देतो. ती टीका खोटी नाही. परंतु 'गेली', 'उठले', 'सुटले' ही आपली घरची, अकर्मक, निष्पाप दिसणारी क्रियापदे त्याहून अधिक लपवतात, हे आपण सहसा मनावर घेत नाही.

आमच्या भागात तर या क्रियापदांना फार काम पडले आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गात जमिनी गेल्या. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. वाचकांनी ही चार वाक्ये पुन्हा पाहावीत. ती आम्ही ओघात लिहिली, आणि एकातही कोणी काही केलेले नाही. प्रकल्प हवेत की नकोत, हा वाद निराळा. पण ज्याला घेणाऱ्याचे नावच वाक्यात ठेवता येत नाही, त्याने मोबदला मागायचा कोणाकडे आणि कृतज्ञ व्हायचे तरी कोणाविषयी?

वडिलांना दोष देण्याचा हेतू नाही. 'गेली' म्हणण्यात सोसण्याची एक रीत असते. घेणारा समोर उभा केला, तर रोज त्याच्याशी भांडावे लागते. गेलेल्या गोष्टीचे दुःख करून माणूस दुसऱ्या दिवशी उरलेल्या वेलींना पाणी घालू शकतो. हे समजण्यासाठी आम्हाला मात्र परक्या भाषेतले दोन शब्द लागले.

आता प्रयोग बदलण्याचा धडा आला, की आम्ही एक स्वाध्याय जास्तीचा देतो. घरात नेहमी बोलले जाणारे 'गेले', 'झाले', 'मोडले' असे एक वाक्य आणा, ते इंग्रजीत 'पॅसिव्ह' करा, मागचे अव्यय गाळू नका, आणि 'बाय'पुढची जागा भरता येते का पाहा. काहींना भरता येते, काही घरी विचारून येतात, काही कोरी ठेवतात. कोऱ्या जागेचे गुण आम्ही कापत नाही.

त्या विद्यार्थिनीला दिलेले उत्तर व्याकरणदृष्ट्या बरोबर होते. ते अपुरे होते, एवढे तिला सांगायचे राहून गेले.