चार सूत

मराठीत ‘खण’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणतात, आणि एके काळी घराचे मोठेपण खणांच्या संख्येवरून सांगितले जाई. ओटी भरताना नारळासोबत दिले जाणारे चोळीचे कापड हाही खणच. टेबलाच्या पोटात सरकणारी पेटी हा खणाचा आणखी एक अर्थ. या साऱ्या अर्थांना एकत्र बांधणारी कल्पना मापाची आहे. खण म्हणजे नेमून दिलेली जागा, किंवा त्या जागेपुरते बेतलेले काही. म्हणून आपल्याच जागेत न मावणारा खण ही केवळ गैरसोय नसते. त्यात कोणाचे तरी माप चुकलेले असते, किंवा बदललेले असते.

या दोहोंतील भेद ओळखणे हे सुताराचे पहिले काम होय. पावसाळ्यात अडणारा खण बहुधा रुंदीने अडत नाही. लाकूड फुगते आणि आकसते ते रेषांच्या आडव्या दिशेने. सागाचे ओले लाकूड पुरते वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५ ते ६ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने मात्र हजारात एक-दोन भागांपलीकडे सहसा जात नाही. खणाची रुंदी पुढच्या आणि मागच्या फळीच्या लांबीवर अवलंबून असते, म्हणून ती सर्व ऋतूंत जवळजवळ तीच राहते. वाढते ती बाजूच्या फळ्यांची उंची. तेव्हा जुलैत अडलेला खण ऑक्टोबरात आपोआप सुटण्याचा संभव असतो. रुंदीने अडलेला खण कोणत्याही महिन्यात सुटत नाही. पहिल्याला वाट पाहणे पुरते. दुसऱ्यासाठी निर्णय करावा लागतो.

असा निर्णय दिल्लीतील एका निवृत्त मराठी प्राध्यापकांपुढे २०१९ साली आला. त्यांचे टेबल सागवानी होते. रत्नागिरीकडे शाळामास्तर असलेल्या वडिलांनी ते गावच्या सुताराकडून करवून घेतले होते, आणि १९७८ साली ते मुलाच्या बिऱ्हाडाबरोबर दिल्लीस आले. त्याला दोन खण. दोन्ही लाकडी पट्ट्यांवर सरकणारे. चौकटीशी इतके नेमके बेतलेले, की बाजूने जाड पुठ्ठाही आत जाऊ नये. उजवा खण चाळीस वर्षे त्यांच्या पत्नीकडे होता. हिशेबाच्या वह्या, माहेरची पत्रे, चष्म्याची जुनी घरे, असे सारे त्यात होते. पुढे संधिवाताने त्यांची बोटे आखडली आणि तो जड खण ओढणे त्यांना अशक्य झाले.

यावर आजचा सर्वपरिचित उपाय म्हणजे छर्ऱ्यांवर सरकणारे लोखंडी चॅनेल. एका बोटाने खण पूर्ण बाहेर येतो. परंतु हे चॅनेल खणाच्या दोन्ही अंगांना बसते आणि प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा मागते. कायद्याने दशमान मापे १९५६ साली आली, तरी सुताराच्या तोंडी इंच आणि सूत टिकून आहेत. इंचाचे आठ सूत; म्हणजे एका बाजूस चार सूत, दोन्ही मिळून पूर्ण इंच. चौकट अठरा इंचांची असेल तर खण सतरा इंचांना केसभर कमी असावा लागतो. जुना खण अठरा इंचांना केसभर कमी होता. त्याच्या सुताराची चूक काहीच नव्हती. त्याचे माप दुसऱ्या युगाचे होते, एवढेच.

खण अरुंद झाला तर चॅनेलमागे पट्टीची भर घालता येते. रुंद झाला तर कोठून तरी काढावेच लागते. जादा एखाद्या सुताचे असेल तर दोन्ही बाजूंवर सारखा रंधा मारून भागते. तसे न करता चॅनेल जोराने बसवले, तर ते बाहेरच्या बाजूस वाकते, छर्रे घासतात आणि थोड्याच दिवसांत खण लाकडी पट्टीवरच्यापेक्षाही जड चालू लागतो. येथे मात्र जादा आठ सुतांचे होते आणि बाजूच्या फळ्या प्रत्येकी चारच सुतांच्या. रंध्याने त्या पुऱ्याच संपल्या असत्या. चौकट कोरावी, तर टेबलाचा भार तिच्यावरच उभा.

प्राध्यापकांनी आयुष्यभर भाषांतर शिकवले होते. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे असतात. विसावे आले तर वृत्ताला तासता येत नाही, शब्दालाच बाजूला व्हावे लागते. ओवी मात्र कमीअधिक अक्षरे पोटात घेते. माघार कोणी घ्यायची हे आधी ठरवावे आणि मगच लेखणी उचलावी, असे ते वर्गात सांगत. आता स्वतःच्या टेबलापुढे त्यांना तो निर्णय होईना. खणाचे सांधे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांचे होते, हाताने कापलेले. ते तोडणे म्हणजे वडिलांच्या वस्तूवर करवत चालवणे, असे त्यांना वाटत होते. पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या सुताराने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बाबूजी, दराज चलाना है, या रखना है?”

उत्तर पत्नीने दिले. “अहो, मामंजींनी हे टेबल पत्रं लिहायला करून घेतलं. माझ्यानं खण उघडलाच नाही, तर ते कुणासाठी राखायचं?”

सुताराने करवत आधी उचललीच नाही. जुने सांधे सरसाने जोडलेले होते, आणि सरस गरम पाण्याने सैल होतो. ओले फडके ठेवून, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून त्याने खणाच्या पाचही फळ्या सुट्या केल्या. पुढची दर्शनी फळी त्याने अखंड बाजूला ठेवली. मागच्या फळीचा एका टोकाकडून इंचभर भाग कापला व त्या टोकाला नवे दात काढले. दुसऱ्या टोकाचे जुनेच राहिले. तळाची फळीही तेवढीच कमी केली. मग सागाची एक नवी सतरा इंची फळी घेऊन तिला खाचा पाडल्या आणि बाजूच्या फळ्यांचे पुढचे जुने दात त्या खाचांत बसवले. अशा रीतीने पेटी अरुंद झाली. तिच्या तोंडावर जुनी दर्शनी फळी आतून स्क्रूने जोडली. त्यामुळे खण किंचित लांब झाला. पण टेबलाच्या पाठीशी बोटभर जागा मोकळी होती, तिने ती वाढ सामावून घेतली. चौकटीचे अंतर पुढे आणि मागे एकच आहे हे गजाने तपासून मगच त्याने चॅनेल लावले.

‘सुतार’ हा शब्द सूत्रधारापासून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. सूत्र धरणारा म्हणजे रेषा आखणारा; तोडणे त्यानंतरचे. इंचभर लाकूड गेले, हे खरे. पण काय जाऊ द्यायचे हे आधी आखले गेले होते, म्हणून गेले ते फक्त माप. हातकाम बहुतेक सारे राहिले.

आता खण मिटलेला असताना त्यात काही बदल झाला आहे हे कोणास कळत नाही. पूर्ण उघडला की दर्शनी फळीच्या दोन्ही टोकांना आतल्या अंगी जुन्या सांध्यांच्या रिकाम्या खाचा दिसतात. त्या भरून पॉलिश करण्याची तयारी सुताराने दाखविली होती. प्राध्यापकांनी त्या तशाच ठेवल्या.

डावा खण त्यांचा स्वतःचा. त्याला चॅनेल लावलेले नाही. लाकडी पट्टीवर वर्षातून एकदा मेणबत्ती घासली जाते. दिल्लीच्या पावसाळ्यात तो उंचीने फुगून अडतो. अशा वेळी त्यांनी जोर लावलाच, तर शेजारचा खण बोटाने उघडत पत्नी म्हणते, “राहू द्या. तुमचा ऑक्टोबरात सुटेल.”